बाटलीवरचे साल आणि आभाळाचा हिशेब

शेतात पिकणाऱ्या प्रत्येक वस्तूत माणसाच्या श्रमाइतकाच आभाळाचाही वाटा असतो. परंतु वस्तू बाजारात आली की हा वाटा बहुधा पुसला जातो. गव्हाच्या पोत्यावर ते पीक कोणत्या हंगामाचे, हे कोणी छापत नाही. साखरेच्या दाण्यावरून त्या वर्षी ऊस पाण्यावाचून होरपळला होता की महापुरात उभा होता, हे सांगता येत नाही. जुन्या तांदळाला भाव अधिक मिळतो हे खरे. पण तेथेही गिऱ्हाईक तांदळाचे वय विचारते, तो ज्या साली पिकला त्या साली पाऊस कसा पडला, हे विचारीत नाही. एका वर्षाचा माल दुसऱ्या वर्षाच्या मालात मिसळतो, चांगल्या हंगामाची कमाई आणि वाईट हंगामाची तूट सरासरीत विरून जाते आणि आभाळाने काय दिले व काय हिरावून नेले याची नोंद शेतकऱ्याच्या कर्जाच्या वहीखेरीज अन्यत्र कोठेही राहत नाही.

या नियमाला एक ठळक अपवाद आहे. तो म्हणजे द्राक्षांपासून होणारी वाइन. चांगल्या वाइनच्या बाटलीवर गावाचे नाव असते, मळ्याचे नाव असते आणि त्याबरोबरच एक साल असते. त्या सालाला ‘व्हिंटेज’ म्हणतात. बाटली केव्हा भरली किंवा केव्हा विकली याचे ते साल नव्हे; ज्या हंगामात द्राक्षे वेलीवर पिकली, त्या हंगामाचे ते साल. एकच मळा, त्याच वेली, तेच कारागीर, आणि तरीही एका सालची बाटली दुसऱ्या सालच्या बाटलीच्या कित्येक पट किमतीला विकली जाते. या दोहोंमध्ये फरक एवढाच, की त्या दोन वर्षांतले आभाळ वेगळे होते. मद्यपान चांगले की वाईट हा प्रश्न येथे नाही. हवामानाची किंमत पैशांत, उघडपणे आणि वर्षानुवर्षे मोजली गेल्याचे असे दुसरे उदाहरण शेतीच्या अर्थकारणात सापडणे कठीण, म्हणून ज्याने वाइन कधी चाखलेली नाही त्यानेही हे प्रकरण समजून घेण्यासारखे आहे.

एका हंगामाची वाटचाल

फ्रान्सच्या नैर्ऋत्येस बोर्दो नावाचे बंदर आहे. गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या तेथून जवळच एकत्र येतात आणि जिराँदच्या रुंद खाडीतून अटलांटिक महासागराला मिळतात. या पाण्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे पसरलेले आहेत. डाव्या तीरावर मेदोक हा गोट्यागारगोट्यांच्या जमिनीचा प्रदेश. तेथे काबेर्ने सोव्हिन्यों ही उशिरा पिकणारी जात प्रमुख. उजव्या तीरावर सां-एमिलियाँ आणि पोमरोल. तेथे लवकर पिकणाऱ्या मेर्लोचे प्राबल्य. हा प्रदेश विषुववृत्तापासून सुमारे ४५ अंश उत्तरेस आहे. समुद्र जवळ असल्यामुळे पाऊस वर्षातून केव्हाही येऊ शकतो. ठराविक चार महिन्यांत पडून मोकळा होणारा हा मोसमी पाऊस नव्हे. म्हणूनच तो किती पडला यापेक्षा केव्हा पडला याला तेथे अधिक महत्त्व आहे.

हिवाळ्यातला पाऊस लाभाचा असतो. वेली त्या वेळी झोपलेल्या असतात. पाणी जमिनीत मुरते आणि पुढच्या उन्हाळ्याची बेगमी होते. मार्चअखेरीस किंवा एप्रिलच्या प्रारंभी काडीवरचे डोळे फुटतात आणि येथूनच मळेवाल्याची झोप उडते. फुटवे कोवळे असताना एखाद्या निरभ्र रात्री पारा शून्याखाली गेला, तर वर्षाचे पीक पहाटेपर्यंत करपून जाते. १९९१च्या एप्रिलमध्ये हे झाले, २०१७च्या एप्रिलअखेरीस झाले आणि एप्रिल २०२१ मध्ये तर फ्रान्सच्या बहुतेक द्राक्षप्रदेशांवर ही आपत्ती कोसळली. अशा रात्री मळ्यांतून शेकडो मेणाच्या शेगड्या पेटवतात, हवा खेळती ठेवण्यासाठी पंखे लावतात; ज्यांना परवडते ते हेलिकॉप्टरही फिरवतात. फेब्रुवारी १९५६ मधील थंडी याहून क्रूर होती. तिने फुटवेच नव्हे, तर पोमरोल व सां-एमिलियाँ येथील वेलीच्या वेली मुळापासून मारल्या.

जूनच्या सुमारास फुलोरा येतो. त्या आठवड्यात थंडी आणि पाऊस असला तर फळधारणा नीट होत नाही. फुले गळतात आणि घड विरळ राहतात. फुलोऱ्यापासून तोडणीपर्यंत साधारण शंभर दिवस जातात आणि वाइनचे भवितव्य या शंभर दिवसांत ठरते. जुलै-ऑगस्टमध्ये पाण्याची थोडी ओढ बसणे हितकारक असते, हे ऐकून आपल्याकडील वाचकाला नवल वाटेल. परंतु ओढ बसली की वेल पानाफांद्यांची वाढ थांबवते आणि सारी शक्ती फळाकडे वळवते. मणी लहान राहतात. लहान मण्यात रसाच्या मानाने साल अधिक असते. आणि लाल वाइनचा रंग, तिची तुरटी व तिची दीर्घकाळ टिकण्याची शक्ती ही सालीतूनच येते. मेदोकच्या गोट्यांतून पाणी झरझर निथळून जाते, हेच त्या जमिनीचे भांडवल आहे. जी जमीन गव्हाला नालायक ठरली असती, ती द्राक्षाला अमोल ठरली आहे.

ऑगस्टमध्ये मण्यांत पाणी उतरते, त्यांना रंग चढतो. येथून पुढे ऊन साखर वाढवते, आंबटपणा कमी करते आणि सालीतले तुरट द्रव्य मऊ करते. नेमक्या याच काळात, तोडणीच्या तोंडावर, पाऊस झाला तर दोन बाजूंनी घात होतो. मणी पाणी पिऊन फुगतात व रस पातळ होतो. शिवाय ओलाव्याने घडकूज सुरू होते. मळेवाल्यापुढे मग दोनच वाटा उरतात: फळ कच्चे असतानाच तोडावे, किंवा आभाळ उघडेल या आशेवर थांबून सारेच गमवावे. निसर्गाची गंमत अशी, की जी बुरशी मेदोकमध्ये शत्रू, तीच काही कोसांवरच्या सोतेर्नमध्ये मित्र ठरते. तेथे शरदातल्या सकाळी सिराँ नावाच्या लहानशा नदीवरून धुके उठते आणि दुपारी ऊन पडते. या ऊनधुक्याच्या खेळात तीच बुरशी मण्यातले पाणी शोषून त्याची साखर घट्ट करते आणि तिथली प्रसिद्ध गोड वाइन तयार होते. मात्र धुक्यानंतर ऊन न पडता पाऊसच पडत राहिला तर सर्व मातीमोल. शातो दिकेम या तेथील अग्रगण्य मळ्याने १९७२, १९७४, १९९२ आणि २०१२ या वर्षांची वाइन आपल्या नावाने बाजारात आणलीच नाही. निकृष्ट मालावर आपले साल छापण्यापेक्षा वर्षाचे उत्पन्न सोडणे त्यांनी पत्करले. ही सचोटी तर आहेच, पण ती परवडण्याजोगे भांडवल पाठीशी आहे, हेही विसरता कामा नये.

जिव्हा आणि समीकरण

कोणते वर्ष चांगले, हे ठरविण्याचा अधिकार शतकानुशतके जाणत्यांच्या जिभेकडे होता. तोडणीनंतरच्या वसंतात वाइन लाकडी पिंपांतच असते, तेव्हा दलाल, व्यापारी व समीक्षक ती चाखतात आणि त्यांच्या अभिप्रायावर भाव निघतो. गिऱ्हाईक पैसे आज भरते आणि बाटली त्याच्या हाती सुमारे दोन वर्षांनी येते. म्हणजे वस्तुतः हा वायद्याचा बाजार आहे. कोवळी वाइन तुरट आणि कडवट असते. ती दहा-वीस वर्षांनी कशी होईल, हे सांगण्याचा दावा करणारे थोडे आणि त्यांच्या शब्दावर पैसा लावणारे पुष्कळ, अशी या बाजाराची रचना.

अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ ऑर्ली अॅशेनफेल्टर यांनी या रचनेला हात घातला. श्रमिकांचे वेतन आणि रोजगार हा त्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय. त्यांनी १९५२ ते १९८० या काळातील बोर्दोच्या हंगामांच्या लिलावातील किमती घेतल्या आणि त्यांच्या शेजारी हवामान कार्यालयाच्या नोंदी मांडल्या. त्यांत प्रश्न अगदी साधे होते. आधीच्या ऑक्टोबर ते मार्च या महिन्यांत पाऊस किती पडला? एप्रिल ते सप्टेंबर या वाढीच्या काळात सरासरी तापमान किती होते? ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये पाऊस किती झाला? आणि वाइनचे आजचे वय किती? पहिल्या दोन गोष्टी आणि वय जितके अधिक तितकी किंमत अधिक. तिसरी जितकी अधिक तितकी किंमत कमी. एवढ्या चार बाबींवरून वेगवेगळ्या सालांच्या किमतींतील चार-पंचमांश तफावतीचा उलगडा होतो, असे त्यांना आढळले.

दोन वर्षे शेजारी ठेवली की या निष्कर्षातील तथ्य ध्यानी येते. १९६१ साली आधीचा हिवाळा भरपूर पावसाचा गेला होता, वाढीचा काळ उबदार होता आणि ऑगस्ट-सप्टेंबर मिळून अवघा ३८ मिलिमीटर पाऊस पडला. वसंतातल्या थंडीने पीक घटविले होते. पण जे राहिले ते असामान्य निघाले आणि तो हंगाम विसाव्या शतकातील सर्वश्रेष्ठ हंगामांत गणला गेला. १९६८ साली त्याच दोन महिन्यांत २९२ मिलिमीटर पाऊस कोसळला. तेच नामवंत मळे, तीच जमीन. पण १९६८च्या वाइनला पुढे लिलावात १९६१च्या वाइनच्या सुमारे दहावा हिस्साच किंमत आली. दोन महिन्यांच्या आभाळाचे मोल याहून स्पष्ट अंकांत क्वचितच वाचायला मिळेल.

१९९० साली हे समीकरण वर्तमानपत्रांतून गाजले तेव्हा जाणत्यांच्या जगात संताप उसळला. वाइन न चाखताच तिची प्रत सांगणारा हा कोण, असा सवाल झाला. त्या काळी ज्यांच्या गुणांकनावर भाव चढत-उतरत, ते अमेरिकी समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी या पद्धतीची कठोर शब्दांत संभावना केली. या रागाचे कारण केवळ रसिकतेला लागलेला धक्का नव्हे. पर्जन्यमापकातले पाणी आणि तापमापकातला पारा कोणालाही पाहता येतो. पॅरिसमधील विद्यार्थी किंवा मुंबईतील कारकूनही त्या नोंदी मिळवून गणित मांडू शकतो. जे ज्ञान मूठभरांच्या जिभेवर होते आणि म्हणून ज्याची किंमत वसूल करता येत होती, ते सार्वजनिक नोंदवहीत आले, की मक्तेदारी संपते. आर्थिक व्यवहारात माहितीची विषमता हीच पुष्कळदा नफ्याची खाण असते.

या अभ्यासातून आणखी एक गोष्ट दिसली आणि ती बाजाराच्या भक्तांनी मुद्दाम लक्षात घ्यावी अशी आहे. कोवळ्या वाइनचा पहिला भाव हवामानाच्या साक्षीशी बहुधा जुळत नाही. वाईट हंगामांना प्रारंभी अवाजवी भाव मिळतो आणि वर्षे लोटतात तसतसा तो आभाळाने ठरविलेल्या पातळीवर उतरतो. १९७२ हे वर्ष थंड, फळ अपक्व. तरीही तेजीच्या धुंदीत त्या वाइनचे भाव भडकले. पुढे तेलसंकट आले, १९७४च्या सुमारास बाजार कोसळला आणि चढ्या भावाने भरलेली तळघरे अनेक व्यापारी पेढ्यांच्या गळ्यात अडकली. त्या उन्हाळ्याचे तापमान सर्वांना ठाऊक होते. ते कोणी विचारात घेतले नाही, इतकेच.

सूत्राच्या कुंपणाबाहेर

तथापि कोणतेही सूत्र ज्या अनुभवावरून बांधले, त्या अनुभवाच्या मर्यादेतच खरे असते. अॅशेनफेल्टर यांच्या कोष्टकातील वर्षांत वाढीच्या काळाचे सरासरी तापमान साधारण १५ ते साडेसतरा अंशांच्या दरम्यान होते. या पट्ट्यात ‘जितके उबदार तितके चांगले’ हे विधान टिकते, कारण त्या काळी बोर्दोची अडचण फळ पुरेसे न पिकण्याची होती. साखर कमी पडली की रसात बाहेरून साखर घालून मद्यांश वाढविण्याची पद्धत तेथे पडली. नेपोलियनच्या काळातील रसायनशास्त्रज्ञ व मंत्री शाप्ताल यांच्या नावाने ती ओळखली जाते. आता अडचण उलटी होऊ लागली आहे.

२००३चा उन्हाळा युरोपच्या स्मरणात मृत्यूचा उन्हाळा म्हणून राहिला. बोर्दोत त्या वर्षी फळ पिकण्याऐवजी जागोजागी भाजून निघाले. पोमरोलमधील निचऱ्याच्या जमिनी होरपळल्या, तर मेदोकच्या उत्तरेस सां-एस्तेफच्या चिकणमातीने ओल धरून ठेवल्यामुळे तेथील वाइन नावाजली गेली. म्हणजे एका मर्यादेपलीकडे उष्णता वाढली की सरळ रेषा वाकते आणि आभाळाचा निर्णय जमीन फिरवू शकते. २०२२चे वर्षही तापलेले आणि कोरडे होते. त्या वर्षीची वाइन मात्र चांगली वाखाणली गेली. उलट २०१३ साली थंड वसंत, बिघडलेला फुलोरा आणि कूज यांनी हंगाम बुडवला, तर २०२४च्या ओल्या हंगामात केवड्यासारख्या रोगांनी उत्पन्न घटवले. वाढते तापमान म्हणजे दरवर्षी उत्तम व्हिंटेज, असा सोपा अर्थ कोणी काढू नये. लवकर येणाऱ्या उबेने डोळे लवकर फुटतात आणि मग एप्रिलच्या एका थंड रात्रीला बळी पडतात. ऊब आणि थंडी यांचा हा विपरीत संयोग हेच नव्या संकटाचे रूप आहे.

द्राक्षतोडणीच्या तारखा हे या बदलाचे जुने व विश्वसनीय पुरावे आहेत. फ्रान्समधील गावांत तोडणी कोणत्या दिवशी सुरू करावी, हे पूर्वी सार्वजनिक आज्ञेने ठरे आणि त्याची नोंद दप्तरी राही. एमान्युएल ल रॉय लादुरी या इतिहासकाराने १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या हवामानाच्या इतिहासात अशा नोंदींचा मार्मिक उपयोग केला. बर्गंडीतील बोन या गावाच्या १३५४ पासूनच्या तारखा संशोधकांनी जुळविल्या आणि २०१९ साली त्या प्रसिद्ध केल्या. त्यांत १९८८ नंतरची तोडणी आधीच्या सहा शतकांच्या सरासरीपेक्षा सुमारे तेरा दिवस लवकर होत असल्याचे दिसते. प्लेग, युद्धे, राज्यक्रांती या सर्वांतून ज्या तारखा थोड्याफार इकडेतिकडे होत राहिल्या, त्या एका पिढीत जवळजवळ पंधरवड्याने सरकल्या. परंपरेचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या बोर्दोनेही २०२१ साली उष्ण हवामान सोसणाऱ्या सहा नव्या जातींना मर्यादित प्रमाणात अनुमती मिळवली. तोरीगा नासिओनाल ही मूळची पोर्तुगालची जात त्यांत आहे. बदलत्या हवामानाने परंपरेच्या तटाला पाडलेली ही पहिली फट होय.

लाभ कोणाचा, हानी कोणाची

इथवरचा हिशेब गुणवत्तेचा झाला. परंतु आभाळाची किंमत मोजली जाते म्हणजे ती न्यायाने वाटली जाते असे नव्हे. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनच्या इच्छेवरून बोर्दोच्या दलालांनी प्रमुख मळ्यांची प्रतवारी लावली. प्रतवारीचा निकष मुख्यतः बाजारभाव होता. लाफित, लातूर, मार्गो आणि ओब्रियों हे चार मळे अग्रस्थानी आले. त्यांत मूतोंची भर १९७३ साली पडली. पावणेदोनशे वर्षांच्या सुमारास पोचलेली ही उतरंड आजही जवळपास तशीच आहे. हंगाम उत्तम आला की या मळ्यांचा भाव कित्येक पटींनी चढतो. वाईट आला तरी नावाच्या बळावर माल खपतो आणि मागील वर्षांचा साठा तळघरात असतोच. त्यांच्यासाठी हवामानातील चढउतार हा धोका जितका, तितकीच संधी.

याच प्रदेशातील हजारो लहान उत्पादकांची स्थिती निराळी आहे. त्यांचा माल नऊशे लिटरच्या मापाने, घाऊक, व्यापाऱ्यांना जातो आणि साध्या ‘बोर्दो’ या नावाने दुकानांच्या फळीवर येतो. त्यांच्या बाटलीवरही साल असते. पण ते साल उत्तम असल्याबद्दल त्यांना अधिक पैसे देणारे कोणी नाही. चांगल्या वर्षी सर्वांचेच पीक भरघोस येते आणि भाव पडतो. वाईट वर्षी भाव थोडा सावरतो, पण विकायला मालच नसतो. पीक वाढले म्हणजे शेतकऱ्याचे उत्पन्न घटू शकते, हा सतराव्या शतकातील ग्रेगरी किंग यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम येथे पुरता लागू पडतो. त्यात फ्रान्समध्येच लाल वाइनचे पिणे पिढीगणिक घटत गेले. डिसेंबर २०२२ मध्ये या उत्पादकांनी बोर्दो शहरात मोर्चा काढला, तो वेली उपटून टाकण्यासाठी साहाय्य मिळावे म्हणून. पुढच्या वर्षी हेक्टरी ६,००० युरो देऊन सुमारे ९,५०० हेक्टरांवरील वेली काढण्याची योजना मान्य झाली. जगातील सर्वांत प्रतिष्ठित द्राक्षप्रदेशात शेतकरी वेली तोडण्याचे अनुदान मागतो, या एका घटनेत प्रतिष्ठा आणि उपजीविका यांमधील अंतर सामावले आहे.

हवामानाचा धोका कोणी वाहावा, हा प्रश्न फ्रान्सनेही अलीकडेच नव्याने मांडला. २०२२च्या कायद्याने आणि २०२३ पासूनच्या अंमलबजावणीने तेथे तीन स्तरांची व्यवस्था आली: लहान नुकसान शेतकऱ्याने सोसावे, मध्यम विम्याने आणि भीषण आपत्तीचे राष्ट्राने. ही व्यवस्था निर्दोष आहे असे नव्हे. परंतु आभाळाची चूक शेतकऱ्याच्या एकट्याच्या खाती मांडता येत नाही, हे तत्त्व तिने मान्य केले आहे.

गोदेच्या खोऱ्यातील प्रश्न

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध आहे तो येथे. नाशिक जिल्ह्यात निफाड, दिंडोरी या तालुक्यांतून द्राक्षशेती पसरली आणि गेल्या काही दशकांत वाइनच्या द्राक्षांचीही लागवड झाली. राज्य सरकारने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण आखले. येथील ऋतुचक्र बोर्दोच्या अगदी उलटे आहे. येथे वेल हिवाळ्यात झोपत नाही. म्हणून तिची वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. बोर्दोचे फळ उन्हाळ्याच्या अखेरीस पिकते, नाशिकचे हिवाळ्याच्या अखेरीस. पाऊस संपल्यानंतरच्या कोरड्या, थंड महिन्यांत फळ वाढवावयाचे, हे या शेतीचे सारे शहाणपण. या शहाणपणाचा पाया मोसमी पावसाच्या वक्तशीरपणावर उभा आहे आणि तोच आता खचू लागला आहे. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपिटीने महाराष्ट्रातील रब्बी पिके आणि फळबागा झोडपल्या. नोव्हेंबर २०२३ अखेरीस निफाड परिसरात गारा आणि अवकाळी पावसाने उभ्या बागा लोळविल्या. बोर्दोला सप्टेंबरचा पाऊस जसा मारतो, तसा नाशिकला फेब्रुवारीचा. मण्यांना तडे जातात, कूज लागते आणि फरक एवढाच राहतो, की येथे खाण्याच्या द्राक्षाच्या पेटीवर साल नसते. हानी झाली ती त्या शेतकऱ्याच्या घरातच राहते.

हवामानावर आधारित फळपीक विमा आपल्याकडे आहे. त्यात पाऊस व तापमान यांची नोंद ठराविक मर्यादा ओलांडते तेव्हा भरपाई देय होते. म्हणजे अॅशेनफेल्टर यांनी बोर्दोच्या किमतींसाठी जी गोष्ट वापरली, तीच येथे भरपाईसाठी वापरली जाते. मापनयंत्राची नोंद हा दोन्हींचा पाया. तेव्हा खरा प्रश्न नोंदीचा आहे. महसूल मंडळात एखादे केंद्र असले म्हणून त्या मंडळातील प्रत्येक शिवारावर पडलेला पाऊस मोजला जातो असे नाही. गारा एका शिवारात पडतात आणि बांधापलीकडे पडत नाहीत. केंद्रे दाट हवीत, नोंदी दररोज सर्वांना खुल्या हव्यात आणि त्या वर्षानुवर्षे जतन केल्या पाहिजेत. बोनच्या ग्रामसभांनी १३५४ पासून तारखा लिहून ठेवल्या नसत्या, तर आज तापमानवाढीचा एक भक्कम पुरावा जगाच्या हाती नसता. आपल्या बाजारसमित्यांत आवक आणि भाव लिहिले जातात. त्यांच्या शेजारी त्या हंगामाचे आभाळ लिहून ठेवण्याची सवय मात्र आपण लावून घेतलेली नाही. महाविद्यालयांच्या भूगोल व अर्थशास्त्र विभागांनी आपापल्या तालुक्याची अशी नोंदवही धरली, तर विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकाबाहेरचे शिक्षण मिळेल आणि शेतकऱ्याला दाव्यासाठी साक्षीदार.

बाटलीवरच्या सालाचा अर्थ शेवटी हाच आहे. त्या चार आकड्यांनी एक समाज जाहीरपणे कबूल करतो, की ही वस्तू केवळ मालकाच्या कर्तबगारीची नाही. त्या वर्षाच्या पावसाचा आणि उन्हाचा तीत भाग आहे. ही कबुली बोर्दोने उत्तम मालाचा भाव वाढविण्यासाठी वापरली आणि त्यातून थोड्यांचे भले झाले. तीच कबुली पडत्या वर्षाचा भार वाटून घेण्यासाठी वापरली, तर पुष्कळांचे भले होईल. आभाळ कोणाच्या आज्ञेत नाही. त्याने दिलेले घेताना जर साल मोजले जाते, तर त्याने नेलेलेही त्याच वहीत मांडले गेले पाहिजे.